गाडलेल्या गटाराची झडती

२० सप्टेंबर २०२४, शुक्रवारची दुपार. पुण्यात बुधवार पेठेतल्या सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा ट्रक ड्रेनेज लाइन साफ करायला आला होता. मागच्या चाकांखालचे पेव्हर ब्लॉक खचले आणि बघता बघता अख्खा ट्रक उभाच्या उभा जमिनीत गेला. चालकाने वेळीच उडी मारली म्हणून तो वाचला. ट्रक वर काढायला क्रेन लावावी लागली. त्या फरशीखाली जुनी विहीर असल्याचे नंतर पुढे आले.

शहराच्या पोटात काय दडले आहे हे शहर सांभाळणाऱ्यांनाही ठाऊक नसते, याचा इतका ढळढळीत पुरावा क्वचितच मिळतो. पुण्यात निदान जमीन सपाट होती. एक खड्डा पडला आणि प्रकरण तिथेच थांबले. हीच गोष्ट डोंगरउतारावर घडली, खाली घरे असली आणि वर रस्त्याखालून पन्नास वर्षांपूर्वीची सांडपाण्याची लाइन जात असली, तर काय होते?

याचे उत्तर हाँगकाँगला २३ जुलै १९९४ रोजी मिळाले. केनेडी टाउन भागातल्या क्वुन लुंग लाउ या वसाहतीत जोरदार पावसात एक जुनी दगडी संरक्षक भिंत उतारासकट कोसळली आणि पाच जण दगावले. चौकशीसाठी कॅनडाचे भूतंत्रज्ञ नॉर्बर्ट मॉर्गनस्टर्न यांना बोलावण्यात आले. दोन गोष्टी उघड झाल्या. भिंत गृहीत धरली होती त्यापेक्षा बरीच पातळ होती. आणि उतारात गाडलेल्या सांडपाण्याच्या व पावसाच्या पाण्याच्या नळांना गळती होती. भिंतीमागची माती वरून पडणाऱ्या पावसाने भिजत होतीच, शिवाय या फुटक्या नळांतून तिला आतूनही पाणी मिळत होते.

दरडी हाँगकाँगला नव्या नव्हत्या. १८ जून १९७२ या एकाच दिवशी साउ माउ पिंग आणि पो शान रोड इथे दोन दरडी कोसळून १३८ माणसे गेली होती. १९७६ साली साउ माउ पिंगलाच पुन्हा दरड कोसळली आणि पुढच्याच वर्षी सरकारने उतारांवर देखरेख ठेवणारे स्वतंत्र कार्यालय उभे केले. क्वुन लुंग लाउनंतर या देखरेखीत आणखी एक कलम आले. उतारावरून किंवा उताराच्या माथ्यावरून जाणाऱ्या, पाणी वाहून नेणाऱ्या प्रत्येक गाडलेल्या लाइनची ठरावीक काळाने तपासणी आणि दुरुस्ती कशी करायची, याची संहिता १९९६ मध्ये निघाली. तिथल्या मानवनिर्मित उतारांची नोंदवही आहे, प्रत्येकाला क्रमांक आहे आणि त्यांची संख्या साठ हजारांच्या आसपास भरते. उतार खासगी असेल तर तपासणीचा खर्च मालकाच्या डोक्यावर.

पाणी मातीला नेमके काय करते? उतारावरची माती दोन आधारांवर तग धरते. एक, कणाकणांतले घर्षण. दुसरा, अर्धवट ओल्या मातीत पाण्यामुळे निर्माण होणारी ओढ. किनाऱ्यावरच्या ओलसर वाळूचा किल्ला याच ओढीवर उभा राहतो. पण पाणी एवढे वाढले की मातीतली सगळी पोकळी भरून गेली, तर ही ओढ नाहीशी होते, पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून दूर रेटतो आणि घर्षणही घटते. सह्याद्रीत वर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा खडक. मुरलेले पाणी खडकाशी अडते आणि त्याच्या पाठीवरून उताराच्या दिशेने वाहू लागते. वरचा थर नेमका तिथूनच सुटतो.

संरक्षक भिंतीचे गणित आणखी कडक आहे. तीन मीटर उंच भिंतीमागे पाणी काठोकाठ साचले, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर नुसत्या पाण्याचाच रेटा सुमारे साडेचार टन होतो. मातीचा रेटा त्याखेरीज. म्हणून तर पाणी बाहेर पडावे यासाठी भिंतीत वीप होल नावाची छिद्रे ठेवतात. ती बुजली की भिंत धरणाचे काम करू लागते, आणि त्या कामासाठी ती बांधलेलीच नसते. २ जुलै २०१९ च्या मध्यरात्री मालाड पूर्वेला जलाशयाची संरक्षक भिंत पिंपरीपाड्याच्या झोपड्यांवर कोसळली. भिंतीमागे तुंबलेल्या पाण्याचा लोंढाही तिच्याबरोबर वस्तीत शिरला. तीसच्या आसपास माणसे मेली.

इथे एक फरक स्पष्ट केलेला बरा. माळीण (३० जुलै २०१४, १५१ मृत्यू), तळिये (२२ जुलै २०२१), इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) या दरडींशी गाडलेल्या नळांचा संबंध नाही. त्या गावांत भुयारी गटार नव्हतेच. तिथे पाऊस, उताराची ठेवण आणि जमिनीत झालेले बदल यांचा विचार करावा लागतो. गाडलेल्या लाइनचा प्रश्न आहे तो डोंगरावर चढलेल्या शहरांचा. ५ ऑगस्ट २०२० च्या रात्री मलबार हिलवर बी. जी. खेर मार्गाच्या कडेचा उतार भिंतीसकट खाली पाटकर मार्गावर आला. त्या चोवीस तासांत कुलाब्याला ३३१.८ मिलिमीटर पाऊस झाला होता. एवढ्या पावसात कोणताही उतार अडचणीत येईल हे खरेच. पण मुंबई-ठाण्यातल्या टेकड्यांवर आज जी घरे आहेत, त्यांच्या आजूबाजूने नळपाण्याच्या, सांडपाण्याच्या, पावसाळी पाण्याच्या लाइनी जातात. त्यांतल्या किती उतारांवर ठिबकत आहेत, हे पाऊस पडायच्या आधी तपासता येते. पाऊस रोखता येत नाही, गळती रोखता येते.

गळती लहान दिसते म्हणून फसवते. मिनिटाला एक लिटर म्हणजे नळ नीट बंद न झाल्यावर पडणारी धार. महिन्याला तिचे सुमारे त्रेचाळीस हजार लिटर होतात, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर, तेही एकाच जागी, दर महिन्याला, भर उन्हाळ्यातसुद्धा. जूनमध्ये पहिला पाऊस पडतो तेव्हा तिथली माती आधीच तुडुंब असते. सांडपाण्याच्या फुटक्या लाइनचा धोका दुहेरी. गळताना ती माती भिजवते, आणि भूजल वर आले की तेच पाणी माती घेऊन फटीतून नळात शिरते. नळाभोवती हळूहळू पोकळी तयार होते. वर डांबरी रस्ता शाबूत दिसत असतो.

मग ही झडती घ्यायची कशी? सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे कॅमेरा. आधी जेटिंग मशीनने लाइन धुऊन काढतात, कारण गाळ असेल तर काहीच दिसत नाही. मग चाकांवरचा, स्वतःचे दिवे असलेला छोटा कॅमेरा एका मॅनहोलमधून आत सोडतात. त्याची केबल रिळावरून सुटत जाते आणि मीटरचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात उमटत राहतो. दोष सापडला की त्याची जागा घड्याळाच्या तासांप्रमाणे लिहितात. बारा म्हणजे नळाचे छत, सहा म्हणजे तळ. “चौदा मीटरवर, तीन वाजता, जोड सरकला आहे” अशी नोंद. जुन्या खापरी पाइपांत जोडातून वडा-पिंपळाच्या मुळ्या शिरलेल्या दिसतात. सिमेंटच्या पाइपात छताकडचा भाग खाल्लेला दिसतो, कारण सांडपाण्यातून निघणाऱ्या वायूचे तिथे आम्ल बनते. हे सगळे चित्रफितीत राहते. पाच वर्षांनी पुन्हा कॅमेरा घातला की फट वाढली का, हे मोजून सांगता येते.

कॅमेरा नसला तरी हात बांधलेले नाहीत. खालच्या मॅनहोलपाशी लाइनचे तोंड बंद करून ती पाण्याने भरायची आणि अर्ध्या तासात पातळी किती उतरते ते पाहायचे. किंवा वर रंग सोडायचा आणि खाली भिंतीच्या वीप होलमधून तो येतो का, यावर लक्ष ठेवायचे. महाराष्ट्रातल्या गावागावांत तर एक परीक्षा आधीच रुळलेली आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे जलसुरक्षक ओटी टेस्ट करून बघतो. दोन थेंब टाकले, पिवळा रंग आला, की क्लोरीन आहे. ऐन एप्रिलमध्ये संरक्षक भिंतीतून पाणी पाझरत असेल आणि त्याची ओटी पिवळी आली, तर ते झऱ्याचे पाणी नाही, नळयोजनेचे आहे, आणि वर कुठेतरी लाइन फुटली आहे. रंग आला नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये. मातीतून येताना क्लोरीन उडून जातो, आणि सांडपाण्यात तो असतोच असे नाही.

डोंगर नसलेल्या गावांना याचे काय, असे पांढरकवड्यातला वाचक म्हणेल. नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या या गावात दरड हा शब्द वर्तमानपत्रातच भेटतो. पण भोवतालच्या केळापूर तालुक्यातली काळी कापसाची जमीन गाडलेल्या नळाला डोंगराइतकीच छळते. या मातीतली चिकणमाती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगवटा. या ओढाताणीत पाइपाचा ताठ सिमेंटचा जोड दर वर्षी थोडा हलतो आणि एके दिवशी उघडतो. मग गळतीने एका बाजूची माती फुगते, दुसरी कोरडी राहते, आणि घराची भिंत तिरपी चिरते. नाल्याच्या काठाला तर उतार असतोच. काठालगत नाली फुटून आत मुरत राहिली की पूर ओसरताना तो काठ घरासकट खचायला वेळ लागत नाही. पलीकडे वणीच्या कोळसा खाणींजवळ ओव्हरबर्डनचे, म्हणजे कोळशावरून उपसलेल्या माती-दगडांचे, उंचच्या उंच ढीग आहेत. त्या भागातले ते मोठे मानवनिर्मित उतार. त्यांच्याही बाबतीत पहिला प्रश्न हाच, की माथ्यावरचे पाणी कुठे जाते.

लहान शहरांची दुसरी अडचण शोषखड्ड्यांची. भुयारी गटार नाही म्हणून सांडपाणी अंगणातच मुरवायचे. सपाट मुरमाड जमिनीत ते चालून जाते. उतारावर हजारो घरांनी तेच केले तर काय होते, हे जोशीमठने जानेवारी २०२३ मध्ये दाखवले. आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले. जुन्या दरडीच्या राडारोड्यावर वसलेल्या या गावाला पाण्याचा पक्का निचरा हवा, जड बांधकामे नकोत, हे मिश्रा समितीने १९७६ सालीच सांगून ठेवले होते. सत्तेचाळीस वर्षांनी गाव खचत असतानाही संपूर्ण गावाला सांडपाण्याचे जाळे मिळालेले नव्हते. जोशीमठच्या खचण्याची कारणे एकाहून अधिक आहेत, पण मुरणारे सांडपाणी जवळपास प्रत्येक चर्चेत आले. महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान, पन्हाळा या आपल्या डोंगरमाथ्यांवरही हॉटेले आणि वस्ती वाढते आहे. पन्हाळ्याला जाणारा मुख्य रस्ता जुलै २०२१ च्या पावसात खचला होता. या गावांत रोजचे सांडपाणी नेमके कुठे मुरते, हे विचारणे म्हणूनच गरजेचे आहे.

कॅमेऱ्याची बाजू घ्यायला आणखी एक कारण आहे, आणि ते दरडीपेक्षा कमी महत्त्वाचे नाही. आपल्याकडे गटाराची तपासणी म्हणजे माणूस आत उतरवणे असाच अर्थ पिढ्यान्‌पिढ्या होता. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा गुन्हा ठरवला. तरीही विषारी वायूने गुदमरून सफाई कामगार मरत राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. केरळच्या जेनरोबोटिक्सने तयार केलेला ‘बँडिकूट’ हा मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव २०१८ पासून तिरुवनंतपुरममध्ये काम करू लागला. यंत्र घ्यायला पैसे नाहीत असे जी संस्था म्हणते, ती एका माणसाच्या जिवावर पैसे वाचवत असते.

महाराष्ट्रातल्या पालिकांची पावसाळापूर्व तयारी दर वर्षी दोनच आकड्यांवर येऊन थांबते. नालेसफाई किती टक्के झाली आणि गाळ किती टन निघाला. उघडा नाला दिसतो, त्याचे फोटो निघतात, म्हणून पैसा आणि लक्ष तिकडे जाते. गाडलेली लाइन कुणाला दिसत नाही. त्यातही पाणीपुरवठा एका खात्याकडे, मलनिस्सारण दुसऱ्याकडे, पावसाळी गटारे तिसऱ्याकडे, आणि संरक्षक भिंत बहुधा बांधकाम खात्याकडे किंवा म्हाडाकडे. उतार एकच असतो, पण तो पूर्ण बघणारे कुणीच नसते. कोकण रेल्वेने हा धडा किंमत मोजून घेतला. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ आणि १६ जून २००४ रोजी करंजाडीजवळ रुळावर आलेल्या दगडांमुळे गाड्या घसरून माणसे गेली. आता तिथे पावसाआधी डोंगरकापांच्या माथ्यावरची पाणी अडवणारी गटारे साफ होतात आणि पावसाळ्यात गस्त चालते. एका संस्थेने पूर्ण उताराची जबाबदारी घेतली की काय जमते, ते तिथे दिसते.

शहरांना हे अशक्य नाही. सगळी लाइन एकदम तपासायची गरजही नाही. ज्या संरक्षक भिंतींच्या आणि उतारांच्या खाली घरे किंवा शाळा आहेत, त्यांची यादी करायची, त्यांच्या वरून आणि मागून जाणाऱ्या लाइनी नकाशावर आणायच्या आणि दर वर्षी जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत तेवढ्याच तपासायच्या. उन्हाळ्यात पाझर दिसला तर तो पावसाचा नसतो, हे त्या महिन्यांत आपोआप सिद्ध होते.

घराजवळच्या भिंतीतून उन्हाळ्यात पाणी येत असेल, भिंत फुगलेली दिसत असेल, उतारावरचे विजेचे खांब कलले असतील किंवा दारे अचानक चौकटीत अडकू लागली असतील, तर फोटो काढून तारखेसह पालिकेत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पावसाळ्यात धोका समोर दिसत असेल तर आधी घर सोडावे, मग जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर फोन करावा. आणि पुढच्या मे महिन्यात नालेसफाईची पाहणी करायला अधिकारी वॉर्डात येतील तेव्हा त्यांना गाळाच्या टनांबरोबर आणखी एक आकडा विचारावा: यंदा किती मीटर लाइन आतून तपासली?