चित्रकलेचा प्राथमिक सराव व शिक्षकाचा अभिप्राय

नीट पाहावयास शिकविणे हा प्राथमिक शाळेतील चित्रकलेच्या तासाचा मुख्य हेतू होय. परंतु "मला चित्र येत नाही" असे म्हणून मूल एकदा कागद बाजूला सारते, ते पुष्कळदा कायमचेच. हे टळणे बव्हंशी शिक्षकाच्या अभिप्रायावर अवलंबून असते.

आरंभी मुक्तहस्त रेषांचा सराव घ्यावा. दोन बिंदू देऊन ते पट्टीवाचून एका दमात जोडावयास सांगावे. मनगट टेकवून तुकड्यातुकड्याने ओढलेली लांब रेषा थरथरते. तिच्यासाठी खांद्यापासून सारा हात फिरवावा व दृष्टी पुढील बिंदूवर ठेवावी. फळ्यावर खडूने किंवा अंगणातील मातीत काडीने हा सराव विनाखर्च होतो.

त्यानंतर वस्तुचित्र घ्यावे. पेल्याचे तोंड गोल आहे हे मुलास ठाऊक असते, म्हणून ते पूर्ण वर्तुळ काढते व बूड मात्र सरळ रेषेने दाखविते. यासाठी पेला प्रथम मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर धरावा. तोंड रेषेसारखे दिसेल. हळूहळू खाली न्यावा. तोंडाचे लंबवर्तुळ रुंदावत जाईल आणि बुडाची कड तोंडाच्या कडेहूनही अधिक वक्र दिसेल. हे पाहून झाल्यावरच पेन्सिल हाती द्यावी.

चित्र पुरे झाल्यावर नुसते "छान" किंवा "चुकले" म्हटल्याने मुलास काहीच उमगत नाही. चित्र वस्तूशेजारी ठेवून दोन पावले मागून पाहावयास लावावे व विचारावे, "बाळ, पेल्याची उंची रुंदीच्या किती पट दिसते?" हात ताठ धरून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्याने माप घेण्यास शिकवावे. जे साधले ते नेमके सांगावे. दोष एका वेळी एकच दाखवावा. मुलाच्या कागदावर शिक्षकाने आपली रेषा ओढू नये. दुरुस्ती फळ्यावर दाखवावी, म्हणजे चित्र मुलाचेच राहते.

आठवड्याने तोच पेला पुन्हा काढून घ्यावा. कागदांवर तारीख घालून ते जपून ठेवावेत. दोन्ही चित्रे शेजारी मांडली म्हणजे प्रगती मुलास स्वतःच दिसते.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी परीक्षेस पुढे थोडीच मुले बसतील. पाहण्याची सवय मात्र प्रत्येकास जन्मभर उपयोगी पडेल. म्हणून मागे राहणाऱ्या मुलाच्या कागदाकडे शिक्षकाने प्रथम लक्ष द्यावे.