छत धुता, पण ते पाणी जातं कुठे?

२५ मेच्या सुमारास रोहिणी लागतात आणि ७-८ जूनला मृग. तोवर वखरणी उरकायची, बियाणं आणायचं, बंडी-वखर दुरुस्त करायचं, अशी आपली यादी ठरलेली असते. त्या यादीत एक काम पूर्वीपासून आहे, ते म्हणजे घर फेरायचं. कवेलू उतरवायचे, झाडायचे, वानरांनी फोडलेले बदलायचे आणि पुन्हा बसवायचे. आता आर्वी तालुक्यात कवेलूच्या शेजारी टिनाचं घर, सिमेंट पत्र्याचा गोठा आणि स्लॅबचा बंगला एकाच गल्लीत दिसतो. त्यामुळे कवेलू फेरणाऱ्याचं काम कमी झालं, पण छत साफ करून देणाऱ्याचं काम वाढलं आहे. गावातल्या दोन-तीन होतकरू पोरांनी मनावर घेतलं तर उन्हाळ्यातल्या रिकाम्या दिवसांत हा चांगला जोडधंदा आहे. मात्र या धंद्यात घासण्यापेक्षा खंगाळण्याला जास्त अक्कल लागते. ती कशी, ते पाहू.

छत पाहून हात लावा

सगळ्या छतांना एकच औषध चालत नाही. कवेलूला दाबाच्या पाण्याची मशीन लावाल तर त्याची भाजलेली वरची साल निघेल आणि कवेलू पाणी पिऊ लागेल. शिवाय पाणी कवेलूखाली शिरून फाटे कुजतील ते वेगळंच. कवेलू फेरायचेच असतात. ते एकेक ओळ काढून खराट्याने झाडावेत. खाली विंचू दडलेला असतो, तेव्हा हातात जाड मोजे हवेतच.

टिनावर पालापाचोळा साचून राहिला की तिथेच गंज धरतो. तो झाडून साध्या पाण्याने धुतला की काम झालं. टिनावर ब्लिचिंग पावडर किंवा ॲसिड टाकू नका. जस्ताचा थर गेला की पत्रा दोन-तीन पावसाळ्यांत चाळणीसारखा व्हायला लागतो.

जुन्या सिमेंट पत्र्याचं तर नावच काढू नका. त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते छातीत गेले तर कर्करोग होऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. असा पत्रा कोरडा घासला किंवा दाबाच्या पाण्याने धुतला तर तेच तंतू मोकळे होतात. शिवाय हा पत्रा माणसाच्या वजनाने अचानक फुटतो. पत्रा काळा पडला असेल तर काळाच राहू द्या. पैसे जमतील तेव्हा तो बदला.

उरला स्लॅब. त्यावरचं काळं शेवाळ घासून काढता येतं. मशीनचं खरं काम इथेच आहे.

सामान काय लागेल?

लाख-दीड लाखाची खरेदी करून धंदा सुरू करायची गरज नाही. तुराट्यांचा खराटा, नायलॉनचा ताठ ब्रश, अर्धा इंची रबरी पाइप, दोनशे लिटरचे दोन ड्रम, बादल्या, रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा आणि रबरी तळव्याचे बूट एवढ्यावर सुरुवात होते. घरगुती प्रेशर वॉशर शंभर बारच्या वर दाब देतो. मोटारगाडीच्या चाकात दोन-सव्वादोन बार हवा असते, त्यावरून अंदाज करा. एवढ्या दाबाची धार जवळून मारली तर स्लॅबचं वॉटरप्रूफिंग उखडतं आणि माणसाची कातडीही फाटते. शिडीवर उभं राहून ती बंदूक कधीच चालवू नका. धारेचा धक्का मागे बसतो आणि माणूस शिडीसकट खाली येतो.

शिडीचा साधा हिशोब आहे. चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर धरा. बारा फुटांवर टेकवायची तर पाया भिंतीपासून तीन फूट लांब. शिडीचं टोक छताच्या वर तीन फूट निघालं पाहिजे आणि खाली एक माणूस धरायला हवा. कमरेला चऱ्हाट बांधून भागत नाही, पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट घ्या. कठड्याविना स्लॅबवर कडेकडे पाठ करून मागे सरकत घासत जाऊ नका. विजेची सर्व्हिस वायर जवळून जात असेल तर महावितरणच्या माणसाला सांगून वीज बंद करून घ्या. ओला बांबूसुद्धा वीज वाहून नेतो.

फवारणीचा पंप छतावर नेऊ नका

"घरी पंप आहेच, त्यानेच मारून घेऊ," असं बरेच जण म्हणतात. इथे थांबा. २,४-डी मारलेला पंप नीट न धुता कपाशीत नेला तर पराटीची पानं कशी भेंडीच्या पानासारखी होतात, हे तुम्ही पाहिलेलं आहे. पंपाच्या तळात उरलेलं एवढंसं तणनाशक एवढा घात करतं. मग कीटकनाशकाचा पंप छतावर चालवला आणि ते पाणी पन्हाळातून विहिरीत किंवा टाक्यात गेलं तर काय? २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसवर शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरायला नको. छताचा पंप वेगळा ठेवा आणि त्यावर रंगाने मोठ्या अक्षरात तसं लिहून टाका.

एकदा भरपूर की तीनदा थोडं?

आता खंगाळण्याकडे येऊ. समजा, ड्रमच्या तळाला एक लिटर औषधाचं पाणी उरलं आहे. त्यात एकदम सत्तावीस लिटर पाणी टाकून ढवळलं आणि ओतलं, तर तळाला उरणाऱ्या लिटरभर पाण्यात औषध अठ्ठाविसाव्या हिश्शाने राहतं. तेच सत्तावीस लिटर तीन वेळा नऊ-नऊ करून टाकलं, तर आधी दहावा हिस्सा, मग शंभरावा आणि शेवटी हजारावा हिस्सा उरतो. पाणी तेवढंच, पण काम पस्तीस पटीहून जास्त. आया-बाया लुगडं दोन-तीन पाण्यांतून काढतात, ते उगाच नाही.

छतालाही तोच न्याय. आधी कोरडं झाडून केर पोत्यात भरा, म्हणजे पाणी कमी लागतं. मग उंच बाजूकडून उताराकडे ओलं करत या. शेवाळ चिवट असेल तरच ब्लिचिंग पावडर वापरा. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मिसळा, गाळ बसू द्या आणि वरचं निवळ पाणी घ्या. दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, घासा आणि लगेच खंगाळा. खंगाळताना थोडं थोडं पाणी तीनदा सोडा. शेवटचं पाणी पन्हाळाखाली काचेच्या ग्लासात धरून पाहा. वास, फेस किंवा रंग असेल तर आणखी एक पाणी द्या. ब्लिचिंगमध्ये संडासचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

खाली तुळस, मोगरा, कढीपत्ता असेल तर काम सुरू करण्याआधी ती झाडं साध्या पाण्याने भिजवा आणि नंतरही धुवा. धुण्याचं पाणी विहीर, बोअर आणि जनावरांचं टाकं यांपासून दूर, उताराने मोकळ्या जागेत काढा. पन्हाळ टाक्याला जोडलेलं असेल तर काम संपेपर्यंत ते सोडवून ठेवा.

पहिलं पाणी सोडा, पुढचं धरा

याच आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्याने २०१७ च्या वॉटर कप स्पर्धेत श्रमदानाच्या बळावर राज्यात पहिला क्रमांक मिळवला. शिवारातलं पाणी अडवणाऱ्या तालुक्याने घरावरचं पाणी वाया का घालवावं? एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. पाचशे चौरस फूट, म्हणजे शेहेचाळीस चौरस मीटर छतावर वर्षाला ९०० मिलिमीटर पाऊस धरला, तर एक्केचाळीस हजार लिटर होतात. पाचवा हिस्सा वाया गेला तरी तेहेतीस हजार हाती लागतात.

पण छत आधी धुतलेलं हवं. आणि छत धुतलं तरी पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या. दोन मिलिमीटरचा हिशोब धरला तर ते ब्याण्णव लिटर होतं, म्हणजे अर्ध्या ड्रमपेक्षाही कमी. मोठी उघाड पडून पुन्हा पाऊस आला तर पुन्हा पहिलं पाणी सोडा. साठवलेलं पाणी पिण्यात घ्यायचं असेल तर शुद्ध करूनच घ्या. सिमेंट पत्र्यावरचं पाणी पिण्यासाठी धरू नका.

सरपंच-सचिवांनी एवढं करावं

शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र आणि पंचायत भवनाची छतं मे महिन्यातच साफ करून घ्या. काम देताना मजुरीच्या आकड्याबरोबर चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: शिडी धरायला दुसरा माणूस, पूर्ण सेफ्टी बेल्ट, वेगळा पंप, आणि धुण्याचं पाणी काढायची जागा. पंचायतीची टीसीएल पावडर नळाच्या पाण्यासाठी आहे, ती छतासाठी देऊ नका. ठेकेदाराने आपली आणावी.

आणि धंद्यात उतरणाऱ्या पोरांनो, दर ठरवताना चौरस फूट मोजा, छत कशाचं आहे ते पाहा आणि खंगाळण्याचा वेळ त्यात धरा. लवकर उरकण्याच्या नादात शेवटचं पाणी चुकवाल तर मालकाला ते दिसणार नाही. पण पावसाळ्यात त्याच्या घरातली लेकरं तेच पाणी वापरतील. सिमेंट पत्र्याचं काम आलं तर सरळ नाही म्हणा. एक गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, तुमची छाती शाबूत राहिली पाहिजे.