गवी, गुहा आणि गुरू : बंगळूर येथील एका गुहामंदिराच्या निमित्ताने

विद्यार्थ्यांच्या अभ्याससहलीत बंगळूरच्या गविपुरम भागातील गवी गंगाधरेश्वराचे गुहामंदिर दाखविताना मकरसंक्रांतीचे नवल आवर्जून सांगितले जाते. त्या दिवशी मावळतीचे किरण नंदीच्या शिंगांमधून गुहेतील शिवलिंगावर पडतात. या प्रकाशयोजनेचा खगोलशास्त्रीय अभ्यासही 2008 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. तथापि तौलनिक साहित्याच्या विद्यार्थ्याने कमरेत वाकून लिंगामागील प्रदक्षिणामार्गात शिरताना वेगळा प्रश्न मनाशी बाळगावा, असे वाटते. संतचरित्रात गुहा कशासाठी येते?

कन्नडमध्ये 'गवि' म्हणजे गुहा. बाराव्या शतकातील वचनकार अल्लमप्रभू यांची नाममुद्राच 'गुहेश्वर' आहे. ए. के. रामानुजन यांनी 1973 मधील आपल्या इंग्रजी अनुवादात तिचा अर्थ 'गुहांचा स्वामी' असा घेतला. हरिहर कवीच्या रगळे-काव्यात पत्नीवियोगाने व्याकुळ झालेल्या अल्लमाला जमिनीतून डोकावणारा कळस दिसतो. तो माती उकरतो, बंद दार उघडतो. आत तळहातावर लिंग धरून बसलेला अनिमिष योगी ते लिंग त्याच्या हाती येताच प्राण सोडतो. एक शब्दही उच्चारला जात नाही.

मराठी वाचकाला येथे ब्रह्मगिरी आठवणे स्वाभाविक आहे. वाघाच्या भयाने वाट चुकलेले निवृत्तिनाथ गुहेत शिरतात आणि तेथे त्यांना गहिनीनाथ भेटतात. साम्य ठळक आहे, आणि म्हणूनच ते फसवे आहे. दोन्ही कथांमागे नाथप्रभाव आहे असे म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडील सवय येथे कामाची नाही. अल्लम गुहा खणून काढतो. निवृत्तिनाथांना ती आश्रय म्हणून लाभते. अनिमिषाचे मौन शिष्याला एकाकी करते. गहिनीनाथ मात्र, ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायातील परंपराकथनानुसार, कलीने ग्रासलेल्या जीवांना सोडविण्याची आज्ञा देतात. त्या आज्ञेचे फळ म्हणजे शके 1212 मधील हा ग्रंथ. एका गुहेतून मौन बाहेर येते, दुसरीतून ग्रंथ.

आणखी एक बाब दुर्लक्षिता येत नाही. ज्ञानेश्वरीतील त्या परंपराकथनात वाघ नाही आणि गुहाही नाही; ती भर नंतरच्या चरित्रपरंपरेची. अल्लमाची कथाही पुढे 'शून्यसंपादने'त निराळे रूप घेते. तेव्हा तुलना करावयाची ती दोन संतांची नव्हे, तर त्यांच्या चरित्रकारांची.

प्रभावाचा प्रश्न उपस्थित करावयाचाच असेल, तर तो स्थलपुराणाच्या अंगाने करणे अधिक फलदायी ठरेल. गविपुरमची गुहा गौतम ऋषींच्या तपश्चर्येशी जोडली जाते, आणि ब्रह्मगिरीवर गंगा आणणारे ऋषी म्हणून त्र्यंबकेश्वरी सांगितले जातात तेही गौतमच. येथे देवाचे नाव गंगाधरेश्वर आहे, तेथे गोदावरीला गौतमी गंगा म्हणतात.