गावागणिक बदलणारं आणि दिवसागणिक बदलणारं



एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या माहेरची आमटी आणि सासरची आमटी सारखी होती का? बहुतेक जणी ‘नाही’ म्हणतील. माहेर वीस-पंचवीस किलोमीटरवर असलं तरी मसाला वेगळा, भाकरीची जाडी वेगळी, लग्नातले विधी वेगळे. आता दुसरा प्रश्न. माहेरी मिळणारं मॅगीचं पाकीट आणि सासरी मिळणारं पाकीट, चवीत काही फरक? काहीच नाही. मुंबईतही तीच चव.

या दोन उत्तरांत मानवी भूगोलाचा एक अख्खा धडा आहे. छोट्या समूहाने एका जागी राहून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या रीतीभाती, खाणं, घरं, गाणी, कला यांना लोकसंस्कृती म्हणतात. आणि ओळखदेख नसलेल्या लाखो लोकांमध्ये एकाच वेळी जे पसरतं, ती लोकप्रिय संस्कृती. लक्षात ठेवायला सोपं सूत्र असं: लोकसंस्कृती गावागणिक बदलते, लोकप्रिय संस्कृती दिवसागणिक बदलते. आज जी साडी सीरियलमध्ये दिसते ती पुढच्या महिन्यात सगळ्या बाजारांत असते, आणि वर्षभरात ‘जुनी फॅशन’ होते.

गावागणिक फरक का पडतो?

कारण लोकसंस्कृती माती आणि पावसाला धरून असते. सोलापूरकडे वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस. म्हणून तिथे ज्वारी, आणि घरं सपाट छताची, माळवदाची. कोकणात पाऊस २५०० मिलिमीटरच्याही वर. तिथे माळवद टिकणारच नाही, म्हणून उतरती कौलं. ताटात भात आणि तांदळाची, नाचणीची भाकरी. कुणी ठरवून हे केलेलं नाही. जे हाताशी होतं त्यातून बायाबापड्यांनी मार्ग काढला, त्याचीच रीत झाली.

पसरतं कसं?

लोकसंस्कृती माणसाच्या पायाने चालते. माणूस दुसरीकडे राहायला गेला की ती त्याच्यासोबत जाते. आपल्याकडे सगळ्यात जास्त जागा कोण बदलतं सांगा? लग्न होऊन सासरी जाणारी मुलगी! ती सोबत लोणच्याची रीत नेते, गोधडीचा टाका नेते, आईच्या ओव्या नेते. म्हणजे लोकसंस्कृती गावोगाव पोचवण्याचं मोठं काम बायकांनी केलंय. पण भूगोलाच्या पुस्तकात तुमचं नाव नाही आणि गावातही कुणी त्याला ‘काम’ म्हणत नाही.

लोकप्रिय संस्कृती मात्र वरून खाली येते. मोठं शहर, मग तालुका, मग गाव. पूर्वी सिनेमातून यायची, मग टीव्हीतून, आता मोबाइलमुळे मधले टप्पेही राहिले नाहीत. मुंबईतलं रील त्याच मिनिटाला आपल्या वाडीत दिसतं.

जुनं ते सगळं सोनं?

तसंही नाही हं. जात्याचं उदाहरण घ्या. पहाटे उठून दळण दळायचं, मग दिवसभर रान. गिरणी आली आणि बायकांच्या पाठीवरचं ओझं उतरलं. ते चांगलंच झालं. पण जातं थांबलं तशा ओव्याही थांबल्या. बाईला मनातलं मोठ्याने बोलायची तीच तर एक जागा होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून काम करत गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. हजारांहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक बाया! जातं परत आणायची गरज नाही, पण ओवी लिहून, रेकॉर्ड करून ठेवता येते, हे या कामाने दाखवलं.

आणि काही रीती सोडायच्याच असतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद. हीसुद्धा गावाचीच रीत होती आणि गावानेच ती मोडली. तेव्हा काय ठेवायचं, काय सोडायचं हे ठरवायचा हक्क आपला आहे.

लोककला बाजारात जाते तेव्हा

इथून पुढचं नीट वाचा, कारण हे आपल्या खिशाशी जोडलेलं आहे.

वारली चित्रं आज पिशव्यांवर, कपांवर, हॉटेलच्या भिंतींवर दिसतात. मूळची ही कला पालघर भागातल्या वारली बायकांची. लग्नघरी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाष्णी चौक काढायच्या, मध्ये पालघट देवी. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या लोकांमुळे कागद आणि रंग पाड्यावर पोचले आणि चित्रं विकली जाऊ लागली. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं काम मोठंच आहे. पण गोष्टीची दुसरी बाजूही बघा. जोवर चित्र भिंतीवर होतं तोवर ते बायकांचं होतं. पैसा आणि प्रवास आला तशी पुरुषांची नावं पुढे आली, आणि चौक काढणाऱ्या बहुतेक जणींची नावं कुणालाच ठाऊक नाहीत.

दुसरं उदाहरण कोल्हापुरी चपलेचं. २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने आपल्या फॅशन शोमध्ये हुबेहूब तशी चप्पल दाखवली, कोल्हापूरचं नाव न घेता. आपल्याकडून आवाज उठला, तेव्हा कंपनीने मान्य केलं की प्रेरणा इथल्या कारागिरांची.

कारागिरांना जोरात बोलता आलं त्याचं एक कारण म्हणजे भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय. एखादी वस्तू एखाद्या भागाचीच आहे, यावर सरकारी शिक्का. कोल्हापुरी चप्पल, वारली चित्रकला, पैठणी, सोलापुरी चादर, मंगळवेढ्याची ज्वारी या सगळ्यांना तो मिळालेला आहे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, मानांकन नावाचं रक्षण करतं. तसं दिसणारं दुसरं कुणी बनवूच शकणार नाही, असा त्याचा अर्थ नाही. दोन, मानांकन मिळालं म्हणून प्रत्येक कारागिराला आपोआप फायदा होत नाही. ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. आणि अर्जावर घरातल्या पुरुषाचं नाव गेलं, तर वारलीचीच गोष्ट पुन्हा घडणार.

मग गटाने काय करायचं?

पुढच्या बैठकीत वसुली आणि हिशोब झाला की अर्धा तास या तीन प्रश्नांना द्या.

१. आपल्याच गावात किंवा भागात होतं, पण पलीकडच्या तालुक्यात तसं होत नाही, असं काय आहे? चटणी, पापड, गोधडीचा टाका, काहीही चालेल. म्हाताऱ्या आजींना नक्की बोलवा, त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही.

२. ते कुणाला येतं? नावं लिहून काढा. इतिवृत्तात नोंद करा. रीत तोंडी आहे तोवर ती कुणाचीही असते. लिहिली, तारीख टाकली, सह्या केल्या की निदान आपल्याकडे पुरावा राहतो.

३. त्यातलं बाजारात काय न्यायचं आणि काय घरातच ठेवायचं? देवाधर्माचं, मनातलं असं काही विकायचं नसेल तर नका विकू. जे विकायचं, त्याच्या लेबलवर गावाचं आणि गटाचं नाव ठळक छापा.

लोकप्रिय संस्कृतीला घाबरायचं कारण नाही. मोबाइल हातात आहेच, तर आपल्या कडक भाकरीचं रीलही टाका! फक्त ‘फॅन्सी’च्या मागे लागून पॅकिंगपासून चवीपर्यंत सगळं कारखान्यासारखं करू नका. स्वस्तात आणि एकसारखं बनवण्यात कारखाना आपल्याला हरवणारच. पण तुमच्या गावची चव त्याच्याकडे नाही. ती तुमच्याकडेच आहे, आणि तिची किंमत लावताना कमी लावू नका.

तुमच्या गटाची यादी तयार झाली की ग्रामसंघाच्या बैठकीत द्या. सगळ्या गावांच्या याद्या शेजारी-शेजारी ठेवून पाहू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक