पाण्याने न विझणारी आग

सौर पॅनेलमधले सिलिकॉन बहुतेक वेळा ट्रायक्लोरोसिलेन या रंगहीन द्रवापासून तयार होते. या द्रवाची वाफ हायड्रोजनबरोबर सुमारे ११०० अंश सेल्सिअसला तापलेल्या सिलिकॉनच्या बारीक कांड्यांवरून नेली, की कांड्यांवर शुद्ध सिलिकॉनचे थर चढत जातात. पॅनेल निरुपद्रवी असते. हा द्रव मात्र अजिबात नाही.

युरोपातल्या रस्त्यांवर त्याच्या टँकरला नारिंगी पाटी असते. खाली १२९५ हा पदार्थाचा क्रमांक आणि वर ‘एक्स ३३८’. दोन तीन म्हणजे अतिज्वालाग्राही द्रव, आठ म्हणजे दाहक आणि एक्स म्हणजे पाणी लावू नका.

हा द्रव सुमारे ३२ अंशांना उकळतो, म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघड्यावर तो आपोआप उकळेल. त्याची वाफ हवेच्या साडेचार पटींहून जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरवरच्या ठिणगीपर्यंत पोहोचू शकते. हवेतला दमटपणाही त्याला पुरतो. पाण्याशी गाठ पडताच हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, पांढरा धूर दिसतो, डोळे आणि घसा जळू लागतो. बंद पिंपात थोडे पाणी शिरले तर दाब वाढून पिंप फुटू शकते. म्हणून नळ्या आणि टाक्या कोरड्या नायट्रोजनखाली ठेवतात.

आग लागली की खरी पंचाईत होते. पाण्याचा फवारा तर चालत नाहीच. पण आम्ल सांडल्यावर हाताशी येणारा चुना, सोडा किंवा कोरडी रासायनिक पावडरही वर्ज्य, कारण त्यातून हायड्रोजन सुटून स्फोट होऊ शकतो. अल्कोहोलला टिकणारा विशिष्ट फेसच वापरावा लागतो. अंगावर उडाले तर मात्र कपडे उतरवून भरपूर पाण्यानेच धुवायचे. अशा वेळी हात आखडता घेणेच घातक.

धोका यंत्र चालू असतानाच असतो असेही नाही. जपानमधल्या योक्काइची येथे ९ जानेवारी २०१४ रोजी, बहुस्फटिकी सिलिकॉनच्या कारखान्यात, सफाईसाठी काढलेल्या उष्णता-विनिमयकाचे झाकण उघडताना स्फोट होऊन पाच जण मरण पावले. आत साचलेले क्लोरोसिलेनचे चिकट अवशेष निष्प्रभ व्हावेत म्हणून त्यावर आधी ओलसर नायट्रोजन सोडलेला होता. त्या प्रक्रियेतून बनलेला पदार्थ कोरडा झाल्यावर स्फोटक ठरला.