रंग कशासाठी? जी-कोड आणि सिंटॅक्स हायलायटिंग

(हे या भागाचं लिखित रूप. बोलण्यातलं अडखळणं काढलंय, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय. कोडमधली अक्षरं आणि आकडे जसे उच्चारले तसे देवनागरीत लिहिलेत. मशीनवर अर्थातच ते रोमनमध्ये असतात.)

आज सिंटॅक्स हायलायटिंग. एडिटरमध्ये कोड उघडला की कीवर्ड निळे, स्ट्रिंग हिरव्या, कॉमेंट करड्या दिसतात, ते. रंगांबद्दल ऑडिओत बोलायचं म्हणजे गंमतच आहे, पण बघू.

आपल्या प्रोजेक्टमध्ये कोड दाखवायची वेळ आली की आपण काय करतो? एखादी लायब्ररी टाकतो, छानशी गडद थीम निवडतो आणि टिकेट बंद करतो. बऱ्याचदा तेवढं पुरतंही. पण आज जे उदाहरण घेतोय तिथे ते पुरत नाही. का पुरत नाही हे पाहिलं, की हायलायटर आतून काय करतो तेही कळतं.

उदाहरण आपल्या सिन्नरचंच. मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत घ्या किंवा माळेगावची एमआयडीसी, सीएनसी लेथ आणि व्हीएमसी लावलेली वर्कशॉप्स दोन्हीकडे आहेत. या मशीनना कळणारी भाषा म्हणजे जी-कोड. अशाच एका छोट्या वर्कशॉपसाठी मी ब्राउझरमध्ये चालणारं एक पान केलं. प्रोग्रॅमची फाइल उघडायची, सेटरने ती वाचून तपासायची, मग मशीनला पाठवायची. मागणी एकाच ओळीची होती: कोड रंगीत दिसला पाहिजे.

ज्यांनी जी-कोड पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक अक्षर, त्याला चिकटून एक आकडा, अशा शब्दांची ओळ. जी०० म्हणजे टूल हवेतून पूर्ण वेगाने हलव. जी०१ म्हणजे ठरलेल्या फीडने, कापत, सरळ जा. जी०२ आणि जी०३ गोलाईसाठी. एम०३ ने स्पिंडल फिरतो, एम०८ ने कुलंट सुरू होतो, एम३० ला प्रोग्रॅम संपतो. एक्स, झेड या अक्षरांपुढे कुठे जायचं तो आकडा. झालं, एवढ्यावर अर्धी भाषा कळली.

आता यातला धोका ऐका. फानुकच्या बऱ्याच कंट्रोलवर, जुन्या पद्धतीचं सेटिंग असेल तर, आकड्याला दशांश टिंब दिलं नाही की तो आकडा मिलिमीटरमध्ये न धरता मिलिमीटरच्या हजाराव्या भागात धरला जातो. म्हणजे झेड शंभर आणि पुढे टिंब, याचा अर्थ १०० मिलिमीटर. टिंब विसरलं तर ०.१ मिलिमीटर. आता लेथवर हे होताना डोळ्यांपुढे आणा. प्रोग्रॅम म्हणतोय, टूल जॉबपासून १०० मिलिमीटर मागे ने, मग टरेट फिरवून दुसरं टूल घे. टिंब नाही. टूल जॉबच्या तोंडापासून केसभर अंतरावर थांबतं आणि तिथेच टरेट फिरतो. पुढे काय होतं ते वर्कशॉपमध्ये कुणालाही विचारा. इन्सर्ट गेला तर स्वस्तात सुटलात. टरेटचं अलाइनमेंट गेलं तर मशीन किती दिवस उभं राहील सांगता येत नाही.

म्हणजे या भाषेतलं सगळ्यात महत्त्वाचं चिन्ह हे पडद्यावरचं सगळ्यात बारीक चिन्ह आहे.

आता तयार लायब्ऱ्या काय देतात? हायलाइट डॉट जेएस, प्रिझम, पायथॉनवाल्यांचं पिगमेंट्स, तिन्हींमध्ये जी-कोडची भाषा आहे. हायलाइट डॉट जेएस वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: नेहमीच्या भाषांच्या तयार गठ्ठ्यात जी-कोड येत नाही, ती भाषा वेगळी रजिस्टर करावी लागते. आणि भाषा ओळखण्याचं काम लायब्ररीवर सोडू नका, नाव स्पष्ट द्या. दहा ओळींचा जी-कोड पाहून ती कुठलीही भाषा समजू शकते.

हे सगळं केलं की पान रंगीत होतं. जी आणि एम कोड एका रंगात, आकडे दुसऱ्या, कॉमेंट तिसऱ्या. पण टिंब असलेला शंभर आणि टिंब नसलेला शंभर दोघेही त्याच नारिंगी रंगात! त्यात लायब्ररीची चूक नाही. तिच्या लेखी दोन्ही आकडेच आहेत.

इथे हायलायटर कसा चालतो ते बघू. बहुतेक हायलायटर म्हणजे नियमांची एक यादी. प्रत्येक नियम एक रेग्युलर एक्स्प्रेशन. मजकुराच्या सुरुवातीपासून पुढे सरकत राहायचं, जो नियम लागू पडेल त्याचं लेबल त्या तुकड्याला चिकटवायचं. रंग नंतर सीएसएसमधून येतो. अर्थ कळणं वगैरे काही नाही. व्हीएस कोडमधले टेक्स्टमेट ग्रामर याच जातीचे. ट्री-सिटर वेगळं, ते खरंच वाक्यरचनेचं झाड बांधतं, पण जी-कोडसारख्या ओळी-ओळीच्या भाषेला त्याची गरज पडत नाही.

या नियमांमागे कुणाची तरी गृहीतकं असतात. मराठी माणसाला लगेच दिसेल असं एक सांगतो. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव 'किंमत' असं देवनागरीत ठेवता येतं, अगदी कायदेशीर आहे. पण पायथॉनच्याच आरई मॉड्यूलमध्ये 'शब्दातलं अक्षर' म्हणून जो शॉर्टकट आहे तो वेलांटी आणि अनुस्वार मोजत नाही. त्याच्यावर विसंबलात तर 'किंमत'चे 'क' आणि 'मत' असे दोन तुकडे होतात. जावास्क्रिप्टमध्ये तर तोच शॉर्टकट फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर ओळखतो. त्यामुळे 'रक्कम' आणि त्याला चिकटून इंग्रजी दोनचा आकडा असं नाव दिलं, की काही हायलायटर त्या दोनला वेगळी संख्या समजून रंगवतात. पिगमेंट्सच्या पायथॉन लेक्सरमध्ये युनिकोडचे तक्ते वापरलेत, तिथे हे नीट होतं. तर, दुसऱ्याचे नियम उचलताना ते उघडून वाचायचे.

परत टिंबाकडे. मी एक नियम वाढवला: एक्स, वाय, झेड, यू, डब्ल्यू यांपैकी अक्षर, मग असलं तर उणे चिन्ह, मग आकडे, आणि त्यानंतर टिंब नाही. असा शब्द दिसला की त्याखाली जाड लाल रेघ. ऐकायला सोपं आहे, पण यात रेग्युलर एक्स्प्रेशनची एक जुनी खोड आहे. 'पुढे टिंब नसावं' एवढंच लिहिलंत तर इंजिन एक पाऊल मागे घेतं, शंभरातलं शेवटचं शून्य सोडतं आणि म्हणतं, हे बघा, दहा सापडले, पुढे टिंब नाही! म्हणून 'पुढे टिंबही नसावं आणि आकडाही नसावा' असं लिहावं लागतं.

मग अपवाद. शून्याला टिंब असलं काय, नसलं काय, शून्यच. होमला जायची जी२८ यू० डब्ल्यू० ही ओळ बऱ्याच लेथ प्रोग्रॅममध्ये असते, तिच्याखाली रोज लाल रेघ आली तर आठवड्यात ऑपरेटर लाल रेघ बघणंच सोडून देईल. आय, जे, के ही अक्षरं फक्त जी०२-जी०३ च्या ओळीत तपासायची, कारण ड्रिलिंग सायकलमध्ये 'के' म्हणजे किती वेळा, ते अंतर नाही. पी आणि क्यू तर सोडूनच दिले: लेथवरच्या जी७६ या थ्रेडिंग सायकलमध्ये ते मुद्दाम टिंबाशिवायच लिहितात. आणि कॉमेंटचा नियम यादीत सगळ्यात वर, नाहीतर कंसात लिहिलेल्या साइझच्या नोंदीवरही रेघ येते.

पण टिंबापेक्षा जास्त वेळ गेला तो दुसऱ्या गोष्टीत. जी-कोड मोडल आहे. एकदा जी०० म्हटलं की पुढच्या ओळींत नुसतं एक्स आणि झेड लिहिलं तरी जी०० चालूच राहतो, जी०१ येईपर्यंत. म्हणजे मधली एखादी ओळ एकटी वाचली तर टूल पूर्ण वेगाने जातंय की कापत जातंय हे कळूच शकत नाही. सेटर बोट ठेवून वर वर जातो आणि शेवटचा जी कोड शोधतो. हे काम मशीनने करायला हवं. म्हणून प्रत्येक ओळीच्या डाव्या कडेला एक पट्टी दिली. जी०० चालू असेल तर भरीव, जी०१ ला बारीक, गोलाईला तुटक. शब्दांच्या रंगांपेक्षा ही पट्टीच जास्त उपयोगी पडते, असं माझं स्पष्ट मत झालंय.

यात एक गोची होती. कॅम सॉफ्टवेअरमधून आलेला मोल्डचा प्रोग्रॅम लाख-दोन लाख ओळींचा असू शकतो. प्रत्येक शब्दाला एक स्पॅन धरला तर दहा लाख स्पॅन, आणि वर्कशॉपमधला जुना पीसी हात टेकतो. उपाय म्हणजे पडद्यावर दिसतात तेवढ्याच ओळी रंगवायच्या. कोडमिरर हेच करतं. पण दिसणाऱ्या ओळींवर कुठला मोड चालू आहे ते तर वरच्या लाख ओळींवर ठरतं! म्हणून फाइल उघडताना एकदाच वरपासून खालपर्यंत जायचं आणि प्रत्येक ओळीचा मोड एका बाइटमध्ये लिहून ठेवायचा. दोन लाख ओळींना दोन लाख बाइट, म्हणजे २०० केबीच्या आत. रंगवायचं नंतर, लागेल तसं.

आणि जिथे मॅक्रो आहे, अट घालून गोटू केलंय, तिथे? तिथे कोणत्या वाटेने आलो ते मजकुरावरून सांगता येत नाही. त्या ओळींना पट्टीच द्यायची नाही, जागा कोरी ठेवायची. अंदाजाने पट्टी दिली तर सेटर तिच्यावर विश्वास ठेवेल, कारण बाकी नव्वद ठिकाणी ती बरोबर असते. त्यापेक्षा कोरी जागा बरी. निदान तो बोट ठेवून वर तरी जाईल.

हाच मुद्दा कंट्रोलबाबत. सीमेन्सच्या सायन्युमरिकवर टिंब नसलेला शंभर म्हणजे सरळ १०० मिलिमीटर. तिथे कॉमेंट अर्धविरामाने सुरू होते, आणि कंसात सायकलची मापं असतात. फानुकचे नियम लावून सीमेन्सची फाइल उघडलीत तर अख्ख्या ड्रिलिंग सायकलची मापं कॉमेंट म्हणून करडी होतील, म्हणजे नेमकं जे वाचायचं तेच डोळ्याआड. फानुकमध्येही टिंबाचं वागणं एका पॅरामीटरवर ठरतं. त्यामुळे फाइल उघडण्याआधी मशीन निवडायचं, आणि नियम मशीनला जोडलेले.

रंगांबद्दल दोनच गोष्टी. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे पुरुष आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरेच असतात, म्हणून रेघ, जाडी, तुटकपणा यांवर भिस्त ठेवा, रंग वरून. आणि गडद थीम रात्री लॅपटॉपवर सुंदर दिसते, पण शेडमध्ये दुपारच्या उजेडात, तेलकट स्क्रीनवर, काही दिसत नाही. तिथे पांढऱ्यावर काळंच.

शेवटचं, टेस्टिंग. हायलायटरचा आउटपुट घ्या, त्यातले सगळे टॅग काढा, उरलेला मजकूर मूळ फाइलशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. जुन्या प्रोग्रॅमचा एक फोल्डर घेऊन ही टेस्ट प्रत्येक बदलानंतर चालवा. आणि ती पास झाली तरी मशीनला पाठवताना पानावरचा मजकूर पाठवायचा नाही, डिस्कवरची मूळ फाइलच पाठवायची. पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर, हात फीड होल्डच्या बटणावर. ते कुठलाही हायलायटर बदलू शकत नाही.

पुढच्या भागात हीच फाइल मशीनपर्यंत जाते कशी, म्हणजे आरएस-२३२ च्या केबलचा किस्सा. भेटूया.