अंदमानला जायचं, पण कुठल्या सुट्टीत?

मराठी घरातली मोठी सहल शाळेच्या वेळापत्रकावर ठरते: एक तर दिवाळी, नाहीतर मे महिना. अंदमानच्या बाबतीत नेमक्या याच दोन सुट्ट्या अडचणीच्या. सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी भर पावसातही पाहता येते. पण स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप, म्हणजे जुनी हॅवलॉक आणि नील बेटं, गाठायची तर बोट लागते, आणि बोट सुटणार की नाही हे वारा ठरवतो.

पाऊस दोनदा येतो

नैर्ऋत्य मोसमी वारे केरळच्या आधी अंदमानच्या समुद्रात पोहोचतात, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात. 2025 मध्ये तर ते 13 मेलाच पोहोचले होते. म्हणजे आपण घामाघूम होऊन आंबे खात असतो, तेव्हा तिथे छत्र्या उघडलेल्या असतात.

आपल्याकडे परतीचा पाऊस गेला की आभाळ मोकळं होतं. तिथे ऑक्टोबरपासून वारा ईशान्येकडून वाहू लागतो आणि पुन्हा सरी सुरू होतात, त्या डिसेंबरपर्यंत. वर्षाचा पाऊस सुमारे 3000 मिलिमीटर, जवळजवळ रत्नागिरीइतका. फक्त रत्नागिरीत तो चार महिन्यांत कोसळतो आणि अंदमानात सात-आठ महिन्यांवर पसरतो. त्यामुळे तिथला पाऊस दिवसभर लागून राहीलच असं नाही. सहल बुडते ती पावसापेक्षा खवळलेल्या समुद्रामुळे.

दिवाळीतली जोखीम

ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा मुख्य हंगाम. यातली बरीच वादळं अंदमानच्या आसपास जन्मतात आणि पुढे आंध्र, ओडिशा किंवा तमिळनाडूकडे जाताना मोठी होतात. डिसेंबर 2016 मध्ये अशाच एका कमी दाबाच्या पट्ट्यामुळे बोटी बंद पडल्या. हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले आणि त्यांना सोडवायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. तोच पट्टा पुढे ‘वरदा’ चक्रीवादळ झाला आणि 12 डिसेंबरला चेन्नईवर आदळला.

म्हणून वादळाला नाव पडेपर्यंत थांबू नये. हवामान खात्याच्या अंदाजात ‘अंदमान समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र’ एवढे शब्द दिसले तरी बेटांवरचा मुक्काम आवरता घ्यावा.

मग कधी जावं?

जानेवारी ते एप्रिल. त्यातही फेब्रुवारीनंतर समुद्र बहुधा शांत असतो, पाणी नितळ होतं आणि प्रवाळ पाहायला याहून चांगला काळ नाही. मुलं शाळेत असतील तर परीक्षा संपताच, एप्रिलअखेर निघावं. उकाडा असतो, पण तो कोकणात वाढलेल्या माणसाला नवा नाही. नाताळची सुट्टीही चालते, मात्र गर्दी आणि विमानाचं भाडं दोन्ही सोसायची तयारी हवी.

मेच्या मध्यानंतरच जमत असेल तर किनारा बघून निवडा. राधानगरचा प्रसिद्ध किनारा पश्चिमेला आहे. नैर्ऋत्येचा वारा थेट अंगावर घेत असल्याने त्या दिवसांत तिथे पोहणं धोक्याचं. स्वराज द्वीपाची पूर्वेकडची बाजू, काळापत्थरकडची, तेव्हा तुलनेनं निवांत असते.

घड्याळ आणि तिथी

अंदमान पूर्वेला खूप लांब, पण घड्याळ आपलंच. त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी जेवून, वामकुक्षी काढून फिरायला निघणाऱ्यांचा दिवस तिथे संपलेला असतो.

शहीद द्वीपावर लक्ष्मणपूरजवळची खडकाची नैसर्गिक कमान ओहोटीलाच नीट पाहता येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, तशी ओहोटीही खोलवर जाते. तेव्हा कॅलेंडरवरची तिथी बघून तो दिवस ठरवावा.

आधी बेटं, मग शहर

कार्यक्रम आखताना जेल, संग्रहालयं असं सगळं शहरातलं शेवटी ठेवा. पोर्ट ब्लेअर (2024 पासून श्री विजयपुरम) इथून परतीचं विमान असेल, तर त्याच दिवशी सकाळच्या बोटीनं बेटावरून निघण्याचं धाडस कुठल्याच मोसमात करू नये. आदल्या दिवशी परतावं, आणि दिवाळीत तर दोन दिवस आधी. स्कूबा डायव्हिंग केलं असेल तर त्यानंतर 18 ते 24 तास विमानात बसायचं नसतंच, त्यामुळे हा मोकळा दिवस तसाही लागतो.